थंडाव्याच्या विद्याताई

संजयराव, सई, दौलतमामा, पिंपळगावहून आलेली सगळी मंडळी, पेठहून सकाळची एसटी धरून आलेल्या बचत गटाच्या ताई, विद्याताईंच्या कंपनीतले सहकारी, आणि या पडद्यावर कुठून कुठून दिसणारे आमचे मित्र.

काही जण अजून द्वारकेच्या चौकात अडकले आहेत, असं आत्ता कुणीतरी सांगितलं. येऊ द्या. दार उघडंच राहू द्या.

मला बोलायला सांगितलंय. काल लिहायला बसलो, तर कागद कोराच राहिला. मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. चुकलं की खोडायचं, पुन्हा लिहायचं, ही माझी सवय. इथे ते जमणार नाही. आणि इतकी वर्षं माझं लिहिलेलं वाचून ज्या बाई म्हणायच्या, "फरीदभाई, हे नीट नाही, पुन्हा बघा," त्याच आज नाहीत. त्यामुळे चुकेल. सांभाळून घ्या.

मघाशी सईच्या आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आमची सून नोकरीवरून यायची, सगळ्यांचं जेवणखाण उरकायची, आणि पुन्हा त्या कॉम्प्युटरपुढे बसायची. पगार त्याचा नाही, साहेब त्याचा नाही. मग ती करायची काय, ते आम्हाला कधी कळलंच नाही.

आजी, मी आज तेवढंच सांगणार आहे. तुमची सून काय करायची.

माझं नाव फरीद मणियार. पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोअरेजची मशिनरी सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. इथल्या अर्ध्या लोकांना द्राक्षाचं काही सांगायला नको, पण पडद्यावरच्या मित्रांसाठी सांगतो. द्राक्षं तोडून आणली, पेट्या भरल्या, की त्या झपाट्याने गार करायच्या आणि थंड खोलीत ठेवायच्या. तिथून बंदर, तिथून परदेश. मध्ये कुठे खोली गरम झाली की देठ तपकिरी पडतात, मणी मऊ पडतात, आणि तिकडचा माणूस माल घेत नाही. बागेत वर्षभर राबलेल्याचं सगळं त्या एका खोलीच्या तापमानावर येऊन थांबतं.

म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. खोलीतलं तापमान वाचायचं, नोंदवायचं, आणि पारा चढायला लागला की ऑपरेटरच्या फोनवर रिंग द्यायची. नाव ठेवलं थंडावा. तो मी सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, आत डोकावून बघावा, सुधारावा. याला ओपन सोर्स म्हणतात.

घेणं सोपं होतं. चालवणं अवघड होतं. एका कॉम्प्युटरवर हे नाही, दुसऱ्यावर ते नाही. मी पेन ड्राइव्ह घेऊन मोटारसायकलवर हिंडायचो. मग काही अनोळखी लोकांनी इंटरनेटवर थंडाव्याच्या तयार इमेज ठेवायला सुरुवात केली. आजी, इमेज म्हणजे इथे फोटो नाही. प्रोग्रॅम आणि त्याला चालायला जे जे लागतं ते सगळं, एकत्र बांधून ठेवलेला संच. तो उतरवून घ्यायचा, एक ओळ टाइप करायची, की काम सुरू. कंटेनर इमेज म्हणतात त्याला. मला आनंदच झाला. माझे हेलपाटे वाचले. त्या इमेज कोण बांधतंय, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारत नव्हतं.

विचारलं विद्याताईंनी.

एका हंगामात दौलतमामांच्या पॅकहाउसमध्ये एक खोली गरम झाली. थंडाव्याची रिंग आली, पण फार उशिरा आली. तोवर त्या खोलीतला माल परदेशी पाठवण्यासारखा राहिला नव्हता. कॉम्प्युटर तापलेला, नुसता घरघरत होता. मामांनी भाचीला फोन केला. भाची अंबडच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, म्हणजे तिला कळत असेल, एवढाच हिशोब. विद्याताई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि दुपारभर उठल्या नाहीत. त्या तयार इमेजमध्ये थंडावा होताच, पण त्याच्या मागे कुणीतरी आपला स्वतःचा एक प्रोग्रॅम लपवून ठेवला होता. मामांच्या कॉम्प्युटरची सगळी ताकद तो स्वतःच्या कामाला वापरत होता. थंडावा बिचारा मागे रांगेत उभा.

संध्याकाळी मला एक फोन आला. ओळख नाही, पाळख नाही. बाईंनी नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "ही इमेज तुमची आहे का?"

मी म्हणालो, नाही, दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे.

"मग तुमची कुठे आहे?"

मी म्हणालो, आमची अशी नाही. आम्ही फक्त प्रोग्रॅम देतो.

मग म्हणाल्या, "मग लोकांनी कुणाची घ्यायची?"

दुसरं कुणी असतं तर मला चार शब्द सुनावून फोन ठेवला असता, आणि ते योग्यच झालं असतं. विद्याताईंनी पुढच्या रविवारी मला घरी बोलावलं. संजयरावांनी चहा केला. आणि त्या म्हणाल्या, थंडाव्याची अधिकृत इमेज आपण काढायची. आपल्या नावाने. आत काय आहे ते सगळ्यांना दिसेल अशी. आणि आपली आहे हे ज्याला त्याला तपासता येईल अशी.

आपण, म्हणाल्या. पहिल्याच भेटीत.

हे काम काय असतं, ते सांगतो, कारण ते दिसत नाही. इमेज एकदा बांधली की झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. आपला प्रोग्रॅम वरचा मजला. खाली दुसऱ्यांनी लिहिलेले कितीतरी मजले. त्यात कुठे ना कुठे, चोराला आत शिरता येईल असं भगदाड सापडत राहतं. म्हणून आपण एक अक्षर बदललं नसलं, तरी इमेज पुन्हा पुन्हा नव्याने बांधायची, तपासायची, त्यावर डिजिटल सही करायची आणि प्रसिद्ध करायची. विद्याताईंनी हे दर आठवड्याला केलं. दिवाळीच्या आठवड्यात केलं. सईची दहावी होती त्या आठवड्यात केलं. संजयरावांच्या वडिलांचं दुखणं निघालं तेव्हाही, हॉस्पिटलच्या बाकावर बसून केलं.

नातेवाइकांत त्याचा वेगळाच गोंधळ व्हायचा. पिंपळगावात कंटेनर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. विद्या आता कंटेनर काढते, असं मामांनी एका लग्नात सांगितलं, तर दोन जण उठून द्राक्षाच्या एक्स्पोर्टची चौकशी करायला आले. ताईंनी त्यांना नीट बसवून समजावलं. म्हणाल्या, माझ्या कंटेनरमध्ये माल नसतो, पण सील मात्र तुमच्यासारखंच असतं. सील तुटलेलं दिसलं तर तुम्ही माल घ्याल का? नाही ना? तसंच आहे हे. त्यांना कळलं. मला जे कळायला महिने लागले, ते त्यांना एका वाक्यात कळलं.

पेठच्या ताई आल्यात म्हणून तिथलं सांगतो. त्यांच्या गटाने स्ट्रॉबेरीसाठी छोटी थंड खोली केली होती. त्यांच्याकडे मोठा कॉम्प्युटर नव्हता. तळहातावर मावेल असं स्वस्तातलं बोर्ड होतं. त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. आमची इमेज त्याच्यावर चालेना. मी म्हणालो, अशी एकच जागा आहे, त्यांना दुसरं काहीतरी बघायला सांगू. विद्याताई वाद घालत बसल्या नाहीत. तसलंच एक बोर्ड त्यांनी घरी आणलं, फ्रिजच्या वर ठेवलं, आणि त्याच्यावर इमेज बांधायला सुरुवात केली. ते इतकं संथ होतं, की सकाळी पोळ्या करताना सुरू केलं तर ऑफिसहून आल्यावर कळायचं, जमलं की फसलं. बरेच दिवस फसलंच. मग एके दिवशी जमलं. तेव्हापासून थंडाव्याची प्रत्येक इमेज दोन्ही जातींच्या प्रोसेसरसाठी निघते. नंतर कळलं, अशी बोर्डं जगात कितीतरी ठिकाणी होती. ते लोक आम्हाला काही बोलले नव्हते, एवढंच. न चालणारी वस्तू माणूस मुकाट्याने बाजूला ठेवतो.

त्यांची एक सवय सांगतो. कुणीही मदत मागायला आलं, कुठल्याही देशातून, की विद्याताईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "खोलीत माल आहे का?" कॉम्प्युटर कुठला, चूक काय येतेय, ते सगळं नंतर. माल आहे म्हटलं की त्या आधी सांगायच्या, खोलीत साधा थर्मामीटर लावा, एक माणूस दाराशी बसवा, आणि मग माझ्याशी बोला. थंडाव्याच्या कामात आम्हाला येऊन मिळालेल्या तरुण पोरांना सुरुवातीला याचं हसू यायचं. आता सगळे हाच प्रश्न आधी विचारतात. कुणी शिकवला, तेही त्यातल्या काहींना माहीत नसेल.

आता मी तो प्रसंग सांगणार आहे, ज्याच्यासाठी मी खरं तर उभा राहिलोय. दौलतमामा, तुमचंही नाव त्यात येणार. सांगू ना?

मामा हो म्हणतायत.

हंगाम ऐन भरात होता. पिंपळगावच्या सगळ्या खोल्या भरलेल्या. विद्याताई तिथलं काम संपवून दुपारच्या बसने नाशिकला परत येत होत्या. द्वारकेला उतरताना वर ठेवलेली बॅग घ्यायला हात वर केला, तर बॅग नाही. बॅगेत लॅपटॉप. आणि लॅपटॉपमध्ये थंडाव्याची सहीची किल्ली.

किल्ली म्हणजे काय, तेवढं लक्षात घ्या. त्या किल्लीने ज्या इमेजवर सही होईल, ती इमेज आमची. जगभरचे कॉम्प्युटर ती सही बघून ठरवायचे, की ही खरी. दुसऱ्या कुणाच्या हातात ती किल्ली पडली, तर तो आमच्या नावाने काहीही पाठवू शकतो.

त्यांनी पोलीस चौकीत तक्रार दिली आणि तिथून सरळ माझ्या घरी आल्या. माझ्या बायकोने, रेहानाने पाणी पुढे केलं. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. आधी माझ्या कॉम्प्युटरवरून त्यांनी त्या लॅपटॉपचा इमेज प्रसिद्ध करण्याचा परवाना रद्द केला. मग आमच्यातल्या बाकीच्यांना फोनवर एकत्र घेतलं आणि म्हणाल्या, किल्ली गेली आहे, आज जाहीर करायचं.

सगळे एकदम बोलायला लागले. मीही. आमचं म्हणणं काही खोटं नव्हतं. डिस्कला कुलूप होतं. किल्लीला वेगळा पासवर्ड होता. चोराला लॅपटॉप विकायचा असणार, थंडावा म्हणजे काय हे त्याच्या गावीही नसणार. आणि हंगाम असा भरात. आत्ता जाहीर केलं तर लोक घाबरतील, कुणी घाईत थंडावाच बंद करून टाकेल. हंगाम उतरू दे, मग शांतपणे किल्ली बदलू. कुणाला कळणारही नाही.

विद्याताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या जे बोलल्या ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"फरीदभाई, कुलूप पक्कं आहे असं मलाही वाटतं. पण ज्याच्या खोलीत माल आहे, त्याला ठरवू दे. त्याच्या वतीने आपण कोण ठरवणार?"

त्यांनी सूचना लिहायला घेतली. मराठीत आणि इंग्रजीत. पहिलं वाक्य होतं, माझी बॅग चोरीला गेली आहे आणि तिच्यात सहीची किल्ली होती. मी म्हणालो, 'माझी' कशाला, 'एका सहकाऱ्याची' लिहा. त्यांनी मान हलवली. पुढे लिहिलं, आज दुपारच्या आधी प्रसिद्ध झालेल्या इमेज ठीक आहेत, आम्ही त्या पुन्हा तपासतो आहोत. दुपारनंतर या किल्लीची सही असलेलं काहीही आमचं समजू नका. नवी किल्ली लवकरच देतो. तोवर थंडावा बंद करू नका, फक्त नवं काही उतरवून घेऊ नका. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन नंबर.

सूचना गेली. आणि त्यानंतर त्या ते पाणी प्यायल्या.

पहिला फोन दौलतमामांचा. मामा तापलेले. आवाज मलाही ऐकू येत होता. "विद्या, माझ्या सगळ्या खोल्या भरलेल्या हायेत. आन्‌ मला हे दुसऱ्याकडून कळतं? घरचा माणूस मी. मला आधी सांगायचं नाय का?"

ताई म्हणाल्या, "मामा, सगळ्यांना एकाच वेळी सांगितलं. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर ते सांगणं राहिलं नसतं, वशिला झाला असता."

मामांनी फोन आपटला. बरोबर ना, मामा? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच मामांनी पिंपळगावात ज्याच्या ज्याच्याकडे थंडावा होता, त्या सगळ्यांना स्वतः फोन करून सांगितलं, की भाची येतेय, तिला आत येऊ द्या.

कारण विद्याताई निघाल्या होत्या. ज्यांना ती सूचना वाचून काही उमगणार नव्हतं, त्यांच्याकडे त्या स्वतः जाणार होत्या. कंपनीतून रजा घेतली. संजयरावांनी मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवलं आणि गाडी काढली. हे दोघं पॅकहाउस ते पॅकहाउस फिरले. नवी किल्ली बसवायची, नवी इमेज उतरवायची, सही तपासून दाखवायची, आणि ती कशी तपासायची ते तिथल्या ऑपरेटरलाही शिकवायचं. काही ठिकाणी चहा मिळाला. काही ठिकाणी बोलणी खाल्ली. एका ठिकाणी मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, ज्यांना आपली बॅग सांभाळता येत नाही, त्यांच्यावर आम्ही माल सोडायचा का? संजयराव मला नंतर म्हणाले, माझा हात उठायचा बाकी होता. आणि विद्याताई त्या मालकाला म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, म्हणूनच मी आलेय. आणि खाली बसून काम सुरू केलं.

त्या मालकाने थंडावा काढून टाकला. तो मोठा एक्स्पोर्टर होता. त्याचं बघून आणखी काही जणांनी काढला. ते परत आले नाहीत. हेही आज सांगितलं पाहिजे. चांगलं केलं की सगळं चांगलंच होतं, अशी गोष्ट करून सांगितलेली विद्याताईंना आवडली नसती.

काही आठवड्यांनी लॅपटॉप बॅगेसकट सापडला. जुन्या मालाच्या एका दुकानात. पोलिसांनी ताईंना बोलावून घेतलं. डिस्कचं कुलूप जसंच्या तसं. कुणीही आत गेलेलं नव्हतं. बॅगेतला जेवणाचा डबासुद्धा तसाच होता, फक्त तो उघडण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

तेव्हा आमच्यातल्या एकाने म्हटलं, म्हणजे उगाचच गेला सगळा खटाटोप. माणसं गेली, नाव गेलं, आणि झालं काहीच नव्हतं. मी ताईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "काही झालं नव्हतं, हे आज कळलं. त्या दिवशी माहीत नव्हतं." आणि विषय संपवला.

पण एक सांगायचं राहिलं. ती सूचना केनियात एका बाईने वाचली. तिकडे फुलांच्या थंड खोल्या असतात. वांजिरू, ती आज पडद्यावर आहे, तुम्ही तिला बघताय. ती त्या वेळी आपल्या खोल्यांसाठी प्रोग्रॅम शोधत होती. तिने आम्हाला लिहिलं, की सगळे जण आपापली चांगली बातमी सांगतात, आपली वाईट बातमी स्वतःहून सांगणारे मला तुम्हीच दिसलात, म्हणून मी तुमचं घेतेय. आधी ती वापरायला आली. मग दुरुस्त्या पाठवायला लागली. मग विद्याताईंचा उजवा हात झाली. दोघी एकमेकींना कधी प्रत्यक्ष भेटल्या नाहीत. पण सईला विचारा, घरात वांजिरूचा आवाज रोजचा होता.

त्या चोरीनंतर विद्याताईंनी ठरवलं, किल्ली कुणाच्याच बॅगेत राहता कामा नये. स्वतःच्याही नाही. त्यांनी सगळी रीतच बदलली. इमेज आता कुणाच्या लॅपटॉपवर बांधली जात नाही. ती उघड्यावर बांधली जाते, एका सामायिक यंत्रणेवर, जिथे कुठली ओळ कधी चालली ते कुणीही बघू शकतं. आणि दोन माणसांनी मंजुरी दिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. एकाच्या मंजुरीने नाही. मग ते एक म्हणजे मी असो, की विद्याताई असोत. हे उभं करायला त्यांना वर्षाच्या वर लागलं. मध्ये आमची भांडणंही झाली. मला ते सगळं जड वाटायचं. त्या ऐकायच्या, आणि आपलं काम पुढे न्यायच्या.

त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या. कुणाचं काम आवडलं तर 'ठीक' म्हणायच्या. ते 'ठीक' मिळवायला माणसं कुठल्या कुठल्या देशांत बसून झटायची.

मग आजार आला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही, घरच्यांनी ते जवळून बघितलंय. औषधांचे दिवस सोडले तर त्या काम करत होत्या. पण काम बदललं होतं. आता त्या स्वतः कमी करायच्या आणि वांजिरूकडून करून घ्यायच्या. चुकलं तर सांगायच्या, हात लावायच्या नाहीत.

आणि एके दिवशी माझ्याकडे त्यांनी एक बदल मंजुरीला पाठवला. अगदी छोटा. एका ओळीचा. मंजुरी देणाऱ्यांच्या नावांतून विद्या निमसे हे नाव काढून टाकायचं आणि त्या जागी वांजिरूचं नाव घालायचं.

मी तो उघडला आणि बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मंजुरीचं बटण समोर होतं. काही दिवस असेच गेले. मग मी त्यांच्या घरी गेलो. त्या गच्चीत खुर्चीवर बसल्या होत्या, सकाळच्या उन्हाला. मी म्हणालो, ताई, एवढी घाई कशाला? नाव राहू द्या ना. नुसतं नाव. कुणाचं काय जातंय?

त्या म्हणाल्या, "फरीदभाई, मी नसताना माझ्या नावाने मंजुरी देण्याचा अधिकार पडून राहिला, तर ते उघडं दार आहे. तुम्ही हे दुसऱ्या कुणाचं चालू दिलं असतं का?"

मी म्हणालो, नाही.

"मग द्या मंजुरी. मी असताना होऊ दे. मला ते झालेलं बघायचंय."

मी तिथेच, गच्चीत, फोन काढला आणि मंजुरी दिली. ताईंची आणि माझी मिळून दोन मंजुऱ्या झाल्या, आता जिचं नाव येणार त्या वांजिरूचा होकार हवा होता. तिला फोन लावला. ती रडत होती, आम्हाला ऐकू येत होतं. तिनेही होकार दिला. यंत्रणा चालली, आणि थोड्या वेळात विद्याताईंच्या फोनवर निरोप आला, की तुमचे अधिकार काढून घेण्यात आले आहेत. त्यांनी तो वाचला, मला दाखवला, आणि म्हणाल्या, "ठीक."

इतक्या वर्षांत मला मिळालेलं ते पहिलं.

मंडळी, विद्याताई गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात, खालच्या एका मजल्यात मोठं भगदाड सापडल्याची बातमी आली. थंडाव्याचा तो पाया. मी बातमी वाचली तेव्हा मी इथेच, निमसेंच्या घरी बसलेलो होतो. माझा हात सवयीने त्यांचा नंबर शोधायला गेला. तेवढ्यात फोनवर दिसलं, वांजिरूने दुरुस्ती लावली आहे, बेंगळुरूच्या आमच्या मित्राने तपासली आहे, मंजुऱ्या झाल्या आहेत, नवी इमेज निघाली आहे. दोन्ही जातींच्या प्रोसेसरसाठी. सहीसकट.

मी पिंपळगावात फोन करून विचारलं, काही अडचण? ऑपरेटर म्हणाला, "नाय, कसली अडचण? सगळं चालू हाय."

त्याला काही कळलंच नव्हतं. पेठलाही कुणाला कळलं नाही. केनियातली फुलं गार राहिली, इथली द्राक्षं गार राहिली.

आजी, तुमची सून हे करायची. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खोलीतला माल चांगला राहावा, आणि त्याला आपलं नावही माहीत असायची गरज पडू नये, यासाठी ती बसायची. आणि आपण नसू तेव्हाही ते चालावं, अशी व्यवस्था तिने आपल्या हातांनी करून ठेवली. मी पुष्कळ हुशार माणसं बघितली. आपल्यावाचून कुणाचं अडू नये म्हणून एवढं झिजलेलं माणूस मी हे एकच बघितलं.

सई, संजयराव, तुमच्या घरातला वेळ आम्ही घेतला. जगातल्या कितीतरी लोकांनी घेतला, आणि त्यांना ते माहीत नाही. त्यांच्या वतीने मी तुमच्यापुढे हात जोडतो.

विद्याताई, तुम्हाला माझा सलाम.

आता आपण सगळे उभे राहू या आणि थोडा वेळ शांत राहू या. अशा वेळी फोन बंद करायला सांगतात. मी सांगणार नाही. हंगाम सुरू आहे, इथल्या कितीतरी जणांच्या खोल्यांत आत्ता माल आहे. रिंग आली तर संकोच करू नका. फोन उचला, बाहेर जा, आधी खोली बघा. बाकीचे आम्ही इथे उभे आहोत.